निकाल तिथल्या तिथे

आमच्या सरांचे गुडघे मी पहिल्यांदा पाहिले ते त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. बोर्ली पंचतनच्या मैदानावर, दुपारी चार वाजता, पांढरी हाफपँट आणि पांढरा टी-शर्ट घालून ते उभे होते. गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी होती आणि एक पाय मध्यरेषेवर रोवलेला होता. मी रस्त्यावरून स्कूटीने चालले होते. ब्रेक मारला आणि बघतच राहिले. चौदा वर्षं या माणसाच्या हाताखाली मी वकिली शिकले, आणि त्या चौदा वर्षांत काळ्या कोटाशिवाय त्यांना पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. एका श्राद्धालासुद्धा ते कोट घालून आले होते, म्हणाले, "इथून थेट कोर्टात जायचंय." त्या दिवशी रविवार होता.

"सर?" मी हाक मारली.

"बोलू नकोस," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चढाई चालू आहे."

समोर मैदान रिकामं होतं. एकटेच उभे राहून ते चढाई कल्पून बघत होते.

तालुक्याच्या कोर्टात सरांनी चाळीस वर्षं काढली. जमिनींचे, वाड्यांचे, वहिवाटीचे दावे. तारीख घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसरे वकील आजारपणाचा दाखला लावायचे, सर तसलं काही करत नसत. ते उभे राहायचे, चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे आणि इतक्या अदबीने दोन वाक्यं बोलायचे की तारीख न देणं हा शिष्टाचाराचा भंग ठरावा. समोरच्या वकिलालाही मनातून सुटल्यासारखं वाटायचं, कारण त्याचीही तयारी झालेली नसायची. सरांकडे पक्षकार जिंकायला येत नसत, हरू नये म्हणून येत. आणि सर त्यांना हरू देत नसत. एका वाडीच्या दाव्यात आधी आजोबांचं, मग त्यांच्या मुलाचं आणि मग नातवाचं अशी तीन वकीलपत्रं त्यांनी घेतली होती. ही गोष्ट बाररूममध्ये हसत हसत सांगितली जायची. सर त्या हसण्यात सामील होत, पण जरा उशिरा.

घरीही हाच खाक्या. चहा घेणार का विचारलं तर, "घ्यायला हरकत नसावी." पाऊस पडेल का विचारलं तर, "पडणारच नाही असं कुणी म्हणू शकणार नाही." काकू, म्हणजे त्यांची बायको, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "माझी आठवण येईल ना?" यावर सर म्हणाले होते, "या टप्प्यावर काही सांगणं योग्य होणार नाही." काकू हे आजही सांगतात आणि सांगताना अजून थोड्या रागावतात.

स्वतःची चूक तर त्यांनी कधी मान्यच केली नाही. एकदा कोर्टात चुकीचीच फाईल घेऊन ते दहा मिनिटं बोलले. मी मागून कोट ओढला. त्यांनी फाईल बघितली, मिटली आणि शांतपणे म्हणाले, "हा झाला सर्वसाधारण भाग. आता प्रस्तुत प्रकरणाकडे वळू." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिथून पळून जावंसंही वाटलं.

वकिली त्यांनी सोडली ती एका साध्या मंगळवारी. तो तिसऱ्या पिढीतला नातू ऑफिसात आला होता. पुढची तारीख लिहून घेताना सहज म्हणाला, "साहेब, आजोबा सांगून गेलेत, निकाल लागला की त्यांच्या नावाने वाडीत एक नारळ फोड. कसाही लागो, पण फोड. नारळ कधी आणून ठेवू?" तो गेल्यावर सरांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि चाव्यांचा जुडगा माझ्यापुढे सरकवला. "आता हे सगळं तू बघ," म्हणाले, "आणि ती वाडीची फाईल सगळ्यात आधी घे. वर्षभरात संपव. जिंकलीस तरी चालेल, हरलीस तरी चालेल." मी ती संपवली. हरले थोडी, जिंकले बरीच. तो नातू नारळ घेऊन पेढ्यांसकट ऑफिसात आला होता. पण ती माझी गोष्ट झाली.

पुढचे सहा महिने काकूंचे हाल झाले. उलटतपासणीला कोर्ट उरलं नव्हतं, म्हणून ती स्वयंपाकघरात सुरू झाली. दूध उतू गेलं तेव्हा तुम्ही नेमक्या कुठे होतात? उतू जाताना पाहिलंत, की उतू गेल्यावर पाहिलंत? पोस्टमन तर पत्र फाटकातूनच टाकून पळायला लागला. काकूंनी एक दिवस मला फोन केला. "अगं, यांना कुठेतरी ने. माझ्याच घरात मी आरोपी होऊन बसलेय."

मी कुठे नेणार? नेलं ते इकबालभाईंनी. बारा वर्षं आखातात नोकरी करून ते गावी परतले होते. सुपारी-नारळाचा व्यापार करायचे आणि उरलेला सगळा जीव कबड्डी मंडळात ओतायचे. एका रविवारी ते सरांच्या ओटीवर येऊन बसले. "साहेब, आमच्याकडे नियमांची किताब आहे. सगळे भांडतात, वाचत कुणी नाही. तुम्ही वाचा आणि आम्हांला समजावा, मेहरबानी होईल." सरांनी दोन दिवसांत किताब वाचली, तिला तपकिरी कव्हर घातलं, पानोपानी चिठ्ठ्या लावल्या आणि कबड्डी संघटनेला पत्र लिहून नियमांतल्या चौदा संदिग्ध जागा दाखवून दिल्या. मग, नियम समजावायचे तर खेळ बघायला हवा म्हणून, ते एक सामना बघायला गेले.

त्या संध्याकाळी ते माझ्या ऑफिसात आले तेव्हा चेहरा वेगळाच होता. खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"अगं, संपतं!" ते म्हणाले.

"काय संपतं, सर?"

"सगळं! मुलगा आत जातो, त्याला धरतात, शिट्टी वाजते, पंच हात वर करतो. झालं! बाद म्हणजे बाद. लगेच पुढचा येतो. कुणी अपील करत नाही, कुणी मुदत मागत नाही. हरलेला कपडे झटकून बाहेर जाऊन बसतो. चाळीस वर्षं मी निकालाची वाट बघत बसलो गं. इथे दर अर्ध्या मिनिटाला एक निकाल लागतो!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उगीच फाईल उघडली.

पंच व्हायचं तर शिबिर करायचं, परीक्षा द्यायची. शिबिरात सगळी पंचविशीतली पोरं. वयाचा मुद्दा कुणीतरी काढलाच. सरांनी किताब पुढे केली. "वयाची अट खेळाडूंना आहे. पंचांना कुठे आहे ते दाखवा." दाखवता आलं नाही. लेखी परीक्षेत ते पहिले आले आणि प्रात्यक्षिकात सपशेल पडले, कारण त्यांची शिट्टीच वाजेना. गालात कायम सुपारीचं खांड असायचं. फुंकलं की शिट्टीतून सुपारीचा चुरा यायचा. ती सुपारी सोडवायला काकूंनी चाळीस वर्षं उपास केले, शपथा घातल्या, डबे लपवले. शिट्टीने ते काम एका आठवड्यात केलं, आणि दुसऱ्या खेपेला सर प्रात्यक्षिकातही पास झाले. घरच्या वाडीतली सुपारी तेव्हापासून सगळी इकबालभाईंकडे जाते.

पण त्यांचा पहिला सामना! तो आठवला की अजून हसू आवरत नाही. गल्लीविरुद्ध गल्ली असा साधा सामना होता. पाचव्याच मिनिटाला सरांनी एका पोराला बाद दिलं. शिट्टी झाली, हात वर गेला, सगळं नीट झालं. आणि मग चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी दोन्ही बाजूंना बघून विचारलं, "यावर कुणाला काही म्हणायचंय?"

कबड्डीच्या मैदानावर हे विचारायचं नसतं. दोन्ही संघांना म्हणायचं होतं. प्रेक्षकांना म्हणायचं होतं. भजीवाल्याला म्हणायचं होतं, तो झारा घेऊनच आत आला. सरांनी सगळ्यांना गप्प केलं, रांगेत उभं केलं आणि खिशातून कागद काढून एकेकाचं म्हणणं लिहून घ्यायला सुरुवात केली. एका चढाईवर पंचवीस मिनिटं गेली. तोवर सूर्य खाली गेला, रेषा दिसेनाशा झाल्या आणि मैदानावर दिवे नव्हते. सर गंभीरपणे म्हणाले, "पुढील सुनावणी येत्या रविवारी."

इकबालभाई डोक्याला हात लावून मटकन खालीच बसले. "या अल्ला, कबड्डीला पण तारीख!"

हे सगळं संघटनेच्या प्रमुखांपर्यंत पोहोचलं. ते निवृत्त पी.टी. मास्तर होते, बुटके, कडक, आवाज मैदानाच्या पलीकडे पोहोचेल असा. दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आले. चहालाही न थांबता म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं वय बघून गप्प बसतोय. पण आणखी एक घोळ झाला की शिट्टी माझ्या हातात आणून द्यायची. मैदान हे काय तुमचं कोर्ट नाही."

मला वाटलं, सर आता नियमावर बोट ठेवणार. ते फक्त "बरोबर आहे" म्हणाले. मास्तर गेल्यावर कितीतरी वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. "ही गेली तर माझ्याकडे काही उरत नाही," असं ते मला म्हणाले. इतकं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं.

मग सुरू झाली तयारी. रोज सकाळी दिवेआगरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत काठीने मैदान आखायचं आणि त्याच्या कडेने पुढे, मागे, आडवं धावायचं. होमस्टेला आलेले पाहुणे फोटो काढत. मी कोर्टाला निघाले की फाट्यापर्यंत ते माझ्या गाडीत बसायचे आणि मी त्यांना प्रश्न टाकायचे. "सर, चढाईपटूचा दम सुटला, पण हात रेषेवर आहे!" उत्तर एका श्वासात आलं पाहिजे ही अट. सुरुवातीला "यात दोन पक्ष संभवतात" म्हणायचे, तेव्हा मी हॉर्न वाजवायचे. हळूहळू जमायला लागलं. घरातसुद्धा फरक पडला. काकूंनी एकदा जेवताना विचारलं, "आमटीत मीठ कमी आहे का?" सर ताडकन म्हणाले, "आहे!" काकू मला म्हणाल्या, "मीठ कमी होतं याचं काही वाटलं नाही गं मला. सरळ उत्तर आलं, त्यानेच पोट भरलं."

वर्षभर ते लहानसहान सामन्यांना कडेचे पंच म्हणून उभे राहिले. एक घोळ नाही. शेवटी मास्तरांनी त्यांना मोठ्या स्पर्धेच्या महिलांच्या अंतिम सामन्यात सरपंच केलं. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. शेवटचा शब्द त्याचा. मास्तर स्वतः गुणलेखकाच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसले होते. मी, काकू आणि इकबालभाई पहिल्या रांगेत.

एका बाजूला शहराकडच्या कॉलेजचा संघ, सगळ्या मुली तालमीतल्या, एकसारखे बूट. दुसऱ्या बाजूला खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या बायका, निम्म्या अनवाणी. त्यांची कप्तान सुवर्णा. सकाळी बोर्लीच्या बाजारात तिच्याकडून मीच कितीदा बोंबील घेतलेत. हा संघ याआधी कधी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नव्हता.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा कोळीवाडा दोन गुणांनी मागे होता. सुवर्णा चढाईला गेली. कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला, मग दुसरीने कंबर, मग तिसरी वरून पडली. तिघींना ओढत सुवर्णा मध्यरेषेकडे सरकत होती. एक हात लांब केला होता आणि तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चालू होतं. रेषेला बोट लागलं तर त्या तिघी बाद आणि तीन गुण. नाही लागलं तर सुवर्णा बाद. धुरळा उडाला, एकच ओरडा झाला आणि सरांची शिट्टी वाजली. हात वर गेला. सुवर्णा बाद.

सुवर्णा उठली. कोपर सोललं होतं. सरांसमोर येऊन म्हणाली, "सायेब, बोट लागलाय माजा. मी खोटा बोलत न्हाय." आणि एवढंच बोलून, वाद न घालता, बाहेर जाऊन बसली. तिच्या संघातल्या बायका रडायला लागल्या होत्या. कॉलेजच्या मुली नाचत होत्या. पुढच्या चढाईसाठी सगळ्या जागेवर यायला लागल्या.

सर हलले नाहीत.

मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते आधी सुवर्णाकडे बघत होते, मग रेषेकडे. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "खोटा साक्षीदार एकदा सांगून थांबत नाही गं. मी शेकड्यांनी बघितलेत. ती एकदाच बोलली आणि गेली. पण ते सोड. तिसरी मुलगी वरून पडली तेव्हा तिची पाठ माझ्यापुढे आली. मला रेषा दिसतच नव्हती. शिट्टी मी अंदाजाने मारली. आणि हे फक्त मलाच माहीत होतं."

फक्त त्यांनाच. टेबलामागे मास्तर बसले होते. गप्प राहिले असते तर कुणीही काही बोललं नसतं, शिट्टीही गळ्यात राहिली असती. चुकीची फाईल घेऊन दहा मिनिटं बोलणारा माणूस होता हा.

लांबलचक शिट्टी वाजली. सरांनी दोन्ही हात वर करून वेळ थांबवला. पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या पंचाकडे ते चालत गेले. तो शाळेतला तरुण शिक्षक होता. सरांनी त्याला काहीतरी विचारलं. तो आधी मान खाली घालून उभा राहिला, मग मान हलवून हो म्हणाला. त्याने बोट लागलेलं बघितलं होतं. एवढ्या मोठ्या वकिलाला कसं सांगायचं म्हणून गप्प होता.

सर टेबलापाशी आले आणि निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"माझा निर्णय चुकला," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "मला रेषा दिसत नव्हती आणि तरी मी शिट्टी दिली. दोष माझा. पंचांनी पाहिलं आहे, बोट रेषेला लागलं. चढाई यशस्वी. धरणाऱ्या तिघी बाद, कोळीवाड्याला तीन गुण. उरलेला वेळ लगेच सुरू होईल."

मैदानात गदारोळ झाला. कॉलेजचा प्रशिक्षक धावत आला, बोट नाचवत ओरडायला लागला. "एकदा दिलेला निर्णय बदलता कसा? तुम्ही विकले गेलात का?" मी खुर्चीतून उठले, इकबालभाईंनी हात धरून मला खाली बसवलं. सर त्याच्याकडे शांतपणे बघत होते. त्यांनी चष्मा काढला नाही, पुसला नाही. फक्त म्हणाले, "जागेवर जा. सामना सुरू होतोय." आणि शिट्टी दिली. तो गेला. मला अजून कळलेलं नाही तो का गेला, पण गेला.

उरली होती एकच चढाई. कॉलेजची सगळ्यात चपळ मुलगी आत आली. कोळीवाड्याच्या बायका मागच्या रेषेला चिकटून उभ्या, कुणी हात पुढे काढेना. ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पाय टाकून बघितला आणि वेळ संपला. कोळीवाडा एका गुणाने जिंकला. सुवर्णाला बायकांनी उचललं, मग तिला खाली टाकून मास्तरांच्या खुर्चीभोवती फेर धरला, मग पुन्हा उचललं. काकू माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कबड्डी बघत होत्या त्या.

गर्दी जरा ओसरल्यावर सर मास्तरांपुढे जाऊन उभे राहिले. गळ्यातली शिट्टी काढली आणि पुढे धरली. "मास्तर, घोळ झाला. तुमची अट मला मान्य आहे."

मास्तरांनी शिट्टी हातात घेतली. उलटसुलट करून बघितली. टी-शर्टच्या टोकाने तिच्यावरची माती पुसली.

"गप्प बसला असतात तर घोळ झाला असता," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी थळला जिल्ह्याचे सामने आहेत. सकाळी आठला हजर राहा. आणि ती हाफपँट जरा लांबीची शिवून घ्या, बरं दिसत नाही." टाचा उंचावून त्यांनी शिट्टी पुन्हा सरांच्या गळ्यात घातली.

सरांनी जिंकलेले कितीतरी दावे मी पाहिलेत. त्यांतल्या एकाही दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला नव्हता, आणि हे मी त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ते लाजले. सदुसष्ट वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला.

परतताना गाडी घराशी थांबली तरी सर उतरून आत येईनात. आधी शेजारच्या ओटीवर गेले. "ऐकलंत का? आज मी चुकलो!" मग समोरच्या किराणावाल्याकडे. "भर मैदानात चुकलो, मुख्य पंच असताना! आणि जागच्या जागी सुधारलं!" मग वाटेने चाललेल्या पोस्टमनला थांबवलं, तो बिचारा आधी पळायच्याच बेतात होता. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत होते, धुरळा, पाठ, बोट, माइक. चाळीस वर्षांत जिंकलेल्या एकाही खटल्याबद्दल त्यांनी असं कधी कुणाला थांबवून सांगितलं नव्हतं. फाटकात उभ्या राहून काकूंनी तीन हाका मारल्या. "अहो, जेवायला चला ना!"

"तुम्ही वाढायला घ्या," सर पलीकडच्या गल्लीकडे वळत ओरडले, "मी चुकलो ते अजून वरच्या आळीत कुणालाच माहीत नाही!"